सीट हलवायची नाही

दसऱ्याला गाडीची पूजा करायची असते हे श्रीरंग खासनिसांना ठाऊक होतं. ती कशी करायची असते हे कुमुदताईंना ठाऊक होतं, आणि कुमुदताई आता नव्हत्या.

इतकी वर्षं श्रीरंगरावांचं काम एवढंच असे की, सकाळी झेंडूचा हार आणायचा, नारळ आणायचा, 'आणलं गं' म्हणायचं आणि पेपर उघडायचा. पुढचं सगळं खाली पार्किंगमध्ये व्हायचं. त्यामुळे सामान त्यांना पाठ होतं, कृती नव्हती. गेल्या वर्षीचा दसरा तसाच गेला. कुमुदताई श्रावणात गेल्या होत्या, घरात वर्षभर सण नव्हता. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि दसरा आला. पूजा करायची की नाही असा प्रश्न श्रीरंगरावांनी स्वतःला विचारलाच नाही. गाडी कुमुदताईंची होती. तिची पूजा चुकवणं म्हणजे त्यांच्याच पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं होतं.

गाडी कुमुदताईंची होती म्हणजे अगदी खरोखरीच त्यांची होती. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना त्यांनी ती घेतली, त्याच चालवायला शिकल्या, आणि निवृत्तीनंतर मंडळी मयूर विहारच्या या मराठी सोसायटीत राहायला आली तीही तिच्यातूनच. श्रीरंगरावांकडे लायसन्स होतं, पण ते शेजारच्या सीटवर बसत आणि 'लाल आहे, लाल आहे' असं सांगत. शेवटच्या दिवशीसुद्धा कुमुदताईच गाडी चालवत हॉस्पिटलला गेल्या. 'तपासण्याच तर आहेत,' असं म्हणाल्या होत्या. संध्याकाळी गाडी श्रीरंगरावांना परत आणावी लागली. ते सहा फुटांना थोडेच कमी. सीटवर बसले तर गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. सीट मागे घ्यायला त्यांनी हात खाली नेला आणि तो तिथेच थांबला. कुमुद अशी बसायची, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हात काढून घेतला.

तेव्हापासून सीट हलली नव्हती. श्रीरंगराव गाडी चालवत ते लहान मुलाच्या तीनचाकीवर बसलेल्या मोठ्या माणसासारखे. दर वेळी क्लच दाबला की डावा गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर आपटे. पँटीला तिथे झिलई आली होती. मुलगी पद्मजा होळीच्या सुमारास पुण्याहून आली असताना तिने सहज सीट सरकवायला खटका ओढला, तर ते तिच्यावर ओरडले. श्रीरंगराव आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते, ऑफिसात शिपायावरसुद्धा नाही. पुण्याला पोचल्यावर पद्मजाने फोन करून सांगितलं की बाबा, ती गाडी आता काढून टाका. बरेच महिने वाद झाला. शेवटी असं ठरलं की दिवाळीला ती येईल तेव्हा बाबांनी तिला निजामुद्दीन स्टेशनवर याच गाडीने घ्यायला यायचं. गाडी नीट आली, तर राहील. नाही आली तर भाऊबीज झाल्यावर ती स्वतः गाडीचा निकाल लावून जाईल.

तर दसरा.

पूजेची पद्धत विचारायला श्रीरंगराव समोरच्या फ्लॅटमध्ये राजाभाऊंकडे गेले. खरं म्हणजे त्यांना सुमित्रावहिनींना विचारायचं होतं, कारण त्या कुमुदताईंच्या मैत्रीण आणि दर दसऱ्याला खाली बरोबर असत. पण वहिनी फरीदाबादला बहिणीकडे गेल्या होत्या आणि घरी एकटे राजाभाऊ होते. राजाभाऊ रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांना माहीत नाही असा विषय निघाल्याचं कुणाला आठवत नाही, आणि त्यांच्या सल्ल्याने कुणाचं काम झाल्याचंही आठवत नाही.

राजाभाऊ म्हणाले की मुळात तत्त्व समजून घ्या. दसऱ्याला पूजा असते ती काम करणाऱ्याची. सुतार करवतीची करतो, खुर्चीची नाही. मग गाडीत काम कोण करतं? इंजिन, असं श्रीरंगराव म्हणाले. राजाभाऊंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. इंजिन पूर्वी करायचं. आता सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर चालतं. पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी केव्हा, सगळं तो ठरवतो. इंजिन बिचारं आलेल्या ऑर्डरवर सही करतं.

चाळीस वर्षं केंद्र सरकारात काढलेल्या माणसाला ही गोष्ट ताबडतोब पटली. पूजा साहेबांची करायची, कारकुनाची नाही.

बॉनेट उघडलं तेव्हा बॅटरीच्या शेजारी कॉम्प्युटरची ती चपटी धातूची पेटी राजाभाऊंनीच बोट करून दाखवली. श्रीरंगरावांनी यथासांग पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आपट्याचं पान ठेवलं. नारळ दगडावर फोडला आणि त्यातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून, डोळे मिटून, कुमुदताईंचं नाव घेऊन, त्या पेटीवर हळूहळू सगळं वाहिलं. वाचकांच्या लक्षात इथेच येईल. श्रीरंगरावांच्या यायला दिवाळी आली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. गाडी दोन-तीन दिवस उत्तम चालली, उलट राजाभाऊ म्हणाले की बघा, आवाज सुधारला. मग एका सकाळी श्रीरंगराव भाजी आणायला निघाले आणि गाडी सोसायटीच्या गेटमध्ये बंद पडली. गेटमध्ये म्हणजे बरोबर गेटमध्ये. पुढची चाकं रस्त्यावर, मागची आत, आणि चौकीदाराने वर केलेला लोखंडी दांडा मधोमध टपाच्या वर. समोर एक पिवळा दिवा लागला होता. किल्ली काढून घेतली तरी आतला पंखा घरघरतच राहिला. गाडी मेली होती आणि श्वास चालू होता.

दिल्लीत बंद गाडीभोवती जितक्या लवकर माणसं जमतात तितक्या लवकर पाणी येत असतं तर नळावर भांडणं झाली नसती. पहिल्या मजल्यावरच्या मल्होत्राबाईंनी गॅलरीतून सांगितलं की नजर लगी है. दूधवाल्याने बॅटरीच्या टोकांवर दगडाने ठोकून पाहिलं. एका गृहस्थांनी उंदराचं निदान केलं. मयूर विहारचे उंदीर यमुनेच्या काठचे, गाडीच्या तारा आवडीने खातात, त्यावर तंबाखूचं पान ठेवावं. राजाभाऊ म्हणाले तंबाखू नव्हे, डांबराच्या गोळ्या, आणि घरून मूठभर आणून त्यांनी त्या इंजिनात जागोजाग ठेवल्यासुद्धा. सोसायटीचे सेक्रेटरी आले ते व्हॉट्सॲपवर नोटीस टाकूनच आले की प्रवेशद्वारात वाहन उभं करणं नियमाविरुद्ध आहे. श्रीरंगरावांनी सांगितलं की मी उभी केलेली नाही, ती उभी राहिली आहे. सेक्रेटरी म्हणाले नियमात तसा फरक केलेला नाही.

विम्याच्या मदत-क्रमांकावर फोन केला तर आधी बरंच संगीत वाजलं आणि मग एका मुलीने हिंदीत विचारलं की, सर, गाड़ी में कहीं पानी तो नहीं गया था?

इथे श्रीरंगरावांचा स्वाभिमान दुखावला. नोकरीभर त्यांनी नद्यांच्या पुराच्या फायली हाताळल्या होत्या. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि गेल्यावर कोण काय लिहितं हे त्यांना त्या मुलीपेक्षा जास्त कळत होतं. पाऊस संपून महिना झाला होता. गाडी रोज ओल्या फडक्याने पुसत होते, पाइपने धुतलेली नव्हती. त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की नहीं गया. बिल्कुल नहीं. मुलीने ते नोंदवलं आणि गाडी उचलून न्यायची तर प्रदूषणाचं प्रमाणपत्र चालू आहे का ते विचारलं. ते नेमकं संपलेलं होतं. प्रमाणपत्र मिळायला गाडी पंपावर न्यायला हवी, पंपावर इंजिन चालू करून धूर द्यायला हवा, आणि गाडी चालू होत नाही म्हणून तर फोन केला होता. मुलगी म्हणाली, समझ रही हूँ सर, आणि पुन्हा संगीत लागलं. जी गाडी धूरच सोडत नाही तिच्याइतकं शुद्ध वाहन दिल्लीत दुसरं कोणतं असेल हे श्रीरंगराव त्या संगीताला समजावत राहिले.

शेवटी चौकीदार, दूधवाला आणि उंदीरवाले गृहस्थ यांनी ढकलत गाडी मार्केटमागे सतबीरच्या गॅरेजमध्ये नेली. राजाभाऊ बाजूने चालत दिशा देत होते.

सतबीर हा हरियाणाचा, दाराएवढा माणूस. स्वभावाने गरीब, पण आकार असा की तो गाडीजवळ आला की गाडी लहान दिसे. त्याने स्कॅनर आणला. स्कॅनर म्हणजे जाड मोबाइलसारखं यंत्र, त्याला एक वायर. ती वायर स्टीअरिंगखालच्या एका खाचेत लावायची, मग गाडीचा कॉम्प्युटर आपल्याला काय होतंय ते सांगतो आणि यंत्रावर ते उमटतं. डॉक्टरकडे गेल्यावर पोटानेच बोलावं तशी ही सोय. सतबीर दार उघडून बसायला गेला आणि सवयीने त्याचा हात सीटखालच्या खटक्याकडे गेला.

"सीट नहीं हिलाना," श्रीरंगराव म्हणाले.

सतबीरने एकदा सीटकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे. त्या दोघांत तडजोड शक्य नव्हती. त्याने कारण विचारलं. श्रीरंगरावांनी सांगितलं की कारण आहे. सरकारी नोकरीत हे उत्तर पुरतं. सतबीरलाही पुरलं. तो दाराबाहेर गुडघ्यांवर बसला, हात आत घालून आंधळ्यासारखं चाचपडत त्याने वायर कशीतरी लावली. स्कॅनर उजळला, गोल गोल फिरला आणि त्यावर आलं की गाडीशी संपर्क होत नाही. पुन्हा लावली. संपर्क होत नाही. किल्ली फिरवून, बॅटरी काढून, बॅटरी लावून, स्कॅनरला थापट मारून. संपर्क होत नाही.

"बोल ही नहीं रही," सतबीर म्हणाला. "पानी गया था क्या, अंकल जी?"

"नहीं गया."

घरी येऊन श्रीरंगराव बराच वेळ बसून राहिले. गाडीला काय झालंय हे कळत नाही, ते एक ठीक. पण जे सांगायला खास बसवलेला कॉम्प्युटर आहे तोही बोलत नाही, आणि तो का बोलत नाही हे सांगणारं यंत्र नाही. कुणाचं ऐकून घ्यायला आपण तयार आहोत आणि ते माणूस बोलतच नाही, अशा घरात ते गेले वर्षभर राहत होते. आता गाडीनेही तेच सुरू केलं.

राजाभाऊंनी करोल बागचं नाव काढलं. करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या गल्ल्यांत गुलशन नावाचा माणूस होता, ज्याच्याकडे सगळ्या गाड्यांचे स्कॅनर होते. तो स्वतः आला. अंगात जॅकेट, डोळ्यांना काळा चष्मा, आणि गाडी न बघताच त्याने निदान अर्धं केलेलं. त्यालाही सीट हलवायला मिळाली नाही. पण गुलशन अडणारा नव्हता. त्याने सतबीरकडून बाहेरून वायर लावून घेतली, लॅपटॉप घेतला आणि साहेबासारखा मागच्या सीटवर जाऊन बसला. मागून तो हिंदी आणि इंग्रजीत आज्ञा करी, पुढे सतबीर गुडघ्यांवर बसून किल्ली फिरवी, आणि मधे श्रीरंगराव सीटच्या पाठीवर हात ठेवून पहाऱ्याला उभे. लॅपटॉपवर तेच आलं. गुलशनने दुसरा स्कॅनर काढला, मग त्याहून महागातला. तिघांनीही एकच साक्ष दिली.

पानी गया था क्या, हे गुलशननेही विचारलं. नहीं गया, हे श्रीरंगरावांनीही सांगितलं, आणि या वेळी दोन नद्यांची उदाहरणं देऊन सांगितलं.

मग गुलशनने चष्मा काढला. डॉक्टर तसा चष्मा काढतात तेव्हा पुढे काय येतं हे श्रीरंगरावांना माहीत होतं. गुलशन म्हणाला की कॉम्प्युटर खत्म. उत्तर देत नाही म्हणजे तो आतून गेला. बदलावा लागेल. मायापुरीला भंगारात गेलेल्या गाडीचा निघाला तर बघतो, पण त्याची या गाडीशी ओळख करून द्यावी लागते, किल्लीशी ओळख करून द्यावी लागते, आणि जुळलं तर जुळलं.

सतबीर हळूच म्हणाला की आधी खाली वाकून एकदा खाच नीट बघायला हवी, वायर हाताला सैल लागते. पण बघायचं म्हणजे सीट पार मागे घेऊन उताणं झोपायला हवं. त्याने श्रीरंगरावांकडे पाहिलं. श्रीरंगरावांनी नजर वळवली. दिवाळी तोंडावर आली होती, घरोघर चकल्यांचे वास सुटले होते, आणि पद्मजाने तिकिटाचा फोटो पाठवला होता.

"अंकल जी," सतबीर म्हणाला, "या तो सीट पीछे जाएगी, या गाड़ी कबाड़ में जाएगी. बीच का रास्ता मुझे नहीं दिखता."

श्रीरंगरावांना दिसत होता. त्यांनी विचारलं की तुझ्या ओळखीत कुणी ठेंगणा मेकॅनिक आहे का. साधारण पाच फुटांचा. सतबीरने अगदी आदराने विचारलं की अंकल जी, गाडी दुरुस्त करायची आहे की सोयरीक जमवायची आहे.

पण राजाभाऊंनी ही कल्पना उचलून धरली. पटपडगंजपासून लक्ष्मीनगरपर्यंतच्या गॅरेजवाल्यांना फोन करून ते मेकॅनिकची उंची विचारत. एकाने फोन आपटला. एकाने आपल्या भावाला फोन दिला, तो ठेंगणा होता पण ट्रॅक्टर करायचा. हे सगळं फरीदाबादहून परतलेल्या सुमित्रावहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. शेवटी त्या करंजीचं पीठ लागलेले हात पुसत बाहेर आल्या.

"माझी उंची किती आहे?" त्यांनी विचारलं.

राजाभाऊंना ती माहीत नव्हती. इतक्या वर्षांत हा पहिला विषय निघाला की जो त्यांना माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुमित्रावहिनी साडीचा पदर खोचून गॅरेजमध्ये हजर झाल्या. त्या आणि कुमुदताई उंचीला सारख्या, एकमेकींचे परकर बदलून नेसणाऱ्या. सतबीरने त्यांना टॉर्च दिला आणि काय पाहायचं ते समजावलं. त्या सीटवर बसल्या, थोड्या अवघडल्या, कुरकुरल्या, मग वाकडं होऊन डोकं स्टीअरिंगखाली घातलं. बाहेर राजाभाऊ, सतबीर आणि श्रीरंगराव रांगेत उभे.

आतून आवाज आला की भावजी, इथे काहीतरी लोंबतंय. सतबीरने विचारलं काय. त्या हिंदीत म्हणाल्या की तो डबा आहे ना ज्यात वायर खोचता, त्याची चौकट फुटलीय, तो नुसता तारांवर लटकतोय. आणि त्यातल्या दोन बारीक तारा सुटून बाहेर आल्यात. जुन्याच सुटलेल्या वाटतात, टोकं काळी पडलीत. मग टॉर्चचा उजेड थोडा बाजूला सरकला.

"आणि इथल्या प्लॅस्टिकला कुणीतरी घासून घासून आरशासारखं केलंय," त्या म्हणाल्या. "अगदी एकाच जागी. काहीतरी रोज आपटत असल्यासारखं."

राजाभाऊंनी ते हिंदीत सांगितलं, तशी सतबीरची नजर हळूहळू खाली आली आणि श्रीरंगरावांच्या पँटीच्या डाव्या गुडघ्यावर स्थिरावली. राजाभाऊंनीही तिकडे पाहिलं. श्रीरंगरावांनी गुडघ्यावर हात ठेवला, पण झिलई हातापेक्षा मोठी होती.

म्हणजे कॉम्प्युटर मुका नव्हता. त्याचं बोलणं बाहेर येण्याचा रस्ताच श्रीरंगरावांनी वर्षभर गुडघ्याने ठोकून तोडला होता. सतबीर म्हणाला तारा जोडणं सोपं आहे. फक्त झोपावं लागेल. श्रीरंगरावांनी सीटकडे पाहिलं. एका बाजूला गाडी होती आणि एका बाजूला सीट, आणि आतापर्यंत त्यांना वाटत होतं की त्या दोन्ही एकच आहेत.

"वहिनी," ते म्हणाले, "कुमुद अशी बसायची हो. तेवढंच राहिलंय."

सुमित्रावहिनी अजून सीटवरच होत्या. त्यांनी स्टीअरिंगवर हात ठेवले, पुढे पाहिलं, खाली आपल्या पोटाकडे पाहिलं. त्यांना बोलावं की नाही कळेना, हे स्पष्ट दिसत होतं.

"भावजी, रागावू नका. पण ही सीट कुमुदची नाही."

श्रीरंगरावांना काही समजलं नाही.

"मी तिच्या शेजारी किती वेळा बसलेय. ती मांडीवर पर्स ठेवून गाडी चालवायची. तुम्ही कितीदा बोललात तिला त्यावरून. इथे पर्स सोडा, पोळी मावणार नाही. माझंच पोट टेकतंय, आणि कुमुद माझ्याहून अंगाने भरलेली होती. इतक्या पुढे बसून ती गाडी चालवूच शकली नसती."

श्रीरंगरावांच्या डोळ्यांसमोर ती काळी पर्स आली. पट्टा तुटलेली, मांडीवर मांजरासारखी बसलेली. मग ते म्हणाले की पण शेवटची तीच बसली होती. हॉस्पिटलच्या दारात उतरली आणि गाडी लावायला...

ते थांबले. हॉस्पिटलच्या दारात गाड्या लावून देणारा एक माणूस होता. निळ्या गणवेशातला, इवलासा, बारका, जत्रेतल्या बाहुल्यासारखा. कुमुदताईंनी किल्ली त्याच्या हातात दिली होती. तो सीट खटकन पुढे ओढून गाडी घेऊन गेला होता. श्रीरंगरावांनी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्या दिवशी इतकं काही पाहावं लागलं की हे त्यात राहून गेलं.

वर्षाहून जास्त काळ ते एका अनोळखी पार्किंगवाल्याची आठवण जपत होते. तिच्यासाठी गुडघे फोडून घेत होते. तिच्यासाठी मुलीवर ओरडले होते.

मराठी न कळणारा सतबीर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी श्रीरंगरावांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. राजाभाऊंना वाटलं ते रडताहेत, म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. श्रीरंगराव हसत होते. मग थोडं रडलेही, पण त्या दोन्हींमधली हद्द कुठे होती ते राजाभाऊंनाही सांगता आलं नाही.

"मग तिची कुठे असायची?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

वहिनींनी खटका ओढून सीट एक घर मागे घेतली. मग आणखी एक. बहुतेक इथे, असं त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की कदाचित याच्या अलीकडे, आता नक्की नाही सांगता येत. श्रीरंगराव त्या खाचांकडे बघत राहिले. मग त्यांनी सतबीरला हाताने खूण केली. सतबीरने एकाच हिसक्यात सीट पार मागे नेली, उताणा होऊन आत शिरला, आणि बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

तारा जुळल्यावर स्कॅनरने जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. वर्षभराचं साठलेलं एकदम सांगावं तशी पानांमागून पानं. सतबीरने त्यातलं महत्त्वाचं तेवढं वाचलं. कॉम्प्युटर ठीक होता. त्याला वीज आणि निरोप पोचवणाऱ्या जोडणीत बिघाड होता. त्याने बॉनेट उघडलं, राजाभाऊंच्या डांबराच्या गोळ्या बाजूला केल्या, पेटीला लागलेला तारांचा मोठा प्लग काढला आणि तो तसाच धरून उभा राहिला.

प्लगच्या आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. सगळं चिकट होतं. एका कोपऱ्यात लालसर डाग होता आणि त्यात अडकलेला एक तांदळाचा दाणा.

"अंकल जी," सतबीर म्हणाला, "इसकी शादी किसने करवाई?"

सुमित्रावहिनी जवळ आल्या. त्यांनी दाणा पाहिला, डाग पाहिला, बोट लावून वास घेतला, आणि त्यांचा आवाज बदलला.

"भावजी, दसऱ्याचा नारळ कुठे फोडलात?"

"दगडावर."

"आणि पाणी?"

"वाहिलं."

"कुणाला?"

श्रीरंगरावांनी पेटीकडे बोट दाखवलं. मग, राजाभाऊ आधीच मार्केटकडे चालू लागले होते, त्यांच्याकडेही दाखवलं. सतबीरला हिंदीत सगळं सांगितल्यावर तो स्टुलावर बसला. मी विचारलं होतं, असं तो म्हणाला. गुलशननेही विचारलं. श्रीरंगराव म्हणाले की तुम्ही पाण्याचं विचारलंत. ते तीर्थ होतं. ज्याने आयुष्यभर पुराच्या फायली पाहिल्या त्याच्या मनात हे दोन विभाग कधी एकत्र आलेच नव्हते.

कुमुदताई काय करायच्या ते वहिनींनी मग सांगितलं. पुढच्या चाकाशी नारळ फोडायच्या, पाणी जमिनीवर, हार बंपरला, एक बोट कुंकू काचेच्या कोपऱ्यात, झालं. बॉनेट तर तिला कधी उघडतासुद्धा आलं नाही.

सतबीरने पिना ब्रशने घासून, औषध मारून साफ केल्या आणि फुटलेली चौकट बसवून दिली. किल्ली फिरवली तशी गाडी सुरू झाली. पिवळा दिवा विझला. प्रदूषणाच्या पंपावर तिने व्यवस्थित धूर दिला. सेक्रेटरींनी गेटमध्ये वाहन उभं केल्याची नोटीस मात्र मागे घेतली नाही. ती घेण्याची तरतूद नव्हती.

धनत्रयोदशीला सकाळी श्रीरंगराव निजामुद्दीनला गेले. पाय लांब करून, पाठ टेकून, कुठेही गुडघा न आपटता गाडी चालवण्याची त्यांना लाज वाटत होती आणि सुख होत होतं, दोन्ही एकदम. पद्मजा बॅग ओढत बाहेर आली. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग खिडकीतून आत, आणि ती तशीच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही सीट हलवलीत."

"ती एका पार्किंगवाल्याची होती," श्रीरंगराव म्हणाले. "बस, सांगतो."

यमुनेच्या पुलापर्यंत त्यांचं सांगून झालं. पद्मजा हसली. मग म्हणाली की मला गाडी नको होती असं कधीच नव्हतं, बाबा. होळीला तुम्ही त्या सीटवर ज्या तऱ्हेने बसला होतात ना, ते मला बघवत नव्हतं. राहू द्या गाडी.

श्रीरंगरावांनी 'लाल आहे' असं स्वतःलाच सांगितलं आणि गाडी थांबवली. पद्मजा शेजारच्या सीटवर चुळबुळ करत होती. ती आईच्या उंचीची. सीट इतकी मागे होती की तिचे पाय पुढे कुठेच टेकत नव्हते.

"ही कुणी एवढी मागे नेलीय?" तिने विचारलं.

श्रीरंगरावांनी त्या सीटकडे पाहिलं. इतकी वर्षं ते तिथे बसून पेपर वाचत, सिग्नल सांगत आले होते, आणि ती अजून बरोबर त्यांच्या पायांच्या मापाची होती. तिला कुणीही हात लावलेला नव्हता.

"ती माझी आहे," ते म्हणाले. "हलव हवी तेवढी."